डाव्या हाताचा सांधा

मला चार चाकं आहेत, स्टिअरिंग आहे, एकाला बसायला जागा आहे. तरी मी रस्त्यावर आले तर पहिल्याच चौकात पोलीस अडवेल. नंबरप्लेट नाही, दिवा नाही, हॉर्न नाही. मी शर्यतीची गाडी. बेळगावच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातल्या तीन पोरांनी मला घडवलं, चौऱ्याऐंशी साली. पोट जमिनीला घासेल इतकी बुटकी झाले, म्हणून नाव ठेवलं घोरपड.

माझा वेग बेताचाच होता. बक्षीसही मला कधी मिळालं नाही. पण माझ्या आयुष्यात एक सकाळ अशी आली, की तिच्याबद्दल सांगितल्यावाचून राहवत नाही. ती सकाळ माझ्यापेक्षा सिद्रामची जास्त होती.

आधी माझ्या जन्माचं सांगते.

कॉलेजच्या वर्कशॉपच्या फरशीवर अंबाजीनं खडूनं माझं पूर्ण मापाचं चित्र काढलं. अंबाजी वडगावच्या विणकराचा मुलगा. एक धागा चुकला तर अख्खा पदर वाया जातो हे घरात बघत वाढलेला, म्हणून त्याची रेघ मापात असायची. त्या चित्रावर पाइप ठेवून, कापून, जोडून माझा सांगाडा उभा राहिला. इंजिन आलं निपाणीच्या एका तंबाखूच्या व्यापाऱ्याच्या बंद पडलेल्या बुलेटचं. चाकं स्कूटरची. स्टिअरिंग भंगारातल्या फियाटचं. चालकाला बांधायचा पट्टा अंबाजीच्या आईनं, दुर्गाबाईंनी, जाड सुताचा दुहेरी विणून दिला. पट्टा देताना त्या म्हणाल्या होत्या, "पोरगं बांधायचं हाय न्हवं? मग तुटायचं न्हाय बघा."

चालवणारा होता जोतिबा, लोंढ्याच्या रेल्वे गार्डचा मुलगा. त्याची निवड त्याच्या हुशारीवर झाली नाही, वजनावर झाली. तिघांत तोच सगळ्यात हलका. तो स्वतःच सांगायचा, "आमच्या आईला वाटतंय मला अन्न लागत न्हाय. आता कळलं, शर्यतीसाठी लागत न्हवतं."

आणि माझे सगळे सांधे जोडले सिद्रामनं.

सिद्राम कांबळे निपाणीचा. वडील लहानपणीच गेलेले, आई तानुबाई तंबाखूच्या वखारीत. घराण्यात मॅट्रिकच्या पुढं गेलेला हा पहिलाच. दर सुट्टीत तो बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत, देवाप्पांच्या दुकानात वेल्डिंगचं काम करायचा. देवाप्पांनी त्याला हाताला धरून शिकवलेलं. "वेल्डिंग मारताना श्वास धरू नगंस," ते सांगायचे. "श्वास धरलास की हात थरथरतोय." माझ्यावर काम करताना सिद्रामचा श्वास सावकाश चालायचा, आणि ठिणग्या पडताना मला दुखायचं नाही, उलट दोन पाइप एक झाले की बरं वाटायचं.

फेब्रुवारीच्या शेवटी एका दुपारी मात्र तसं झालं नाही.

पुढच्या डाव्या चाकाला धरून ठेवणारा जो लोखंडी हात असतो, तो जोडायचा होता. तीन वाजता आमचे हुक्केरी सर आणि आणखी एक सर तपासायला येणार होते. सांधा अर्ध्यावर आला आणि वीज गेली. ती आली अडीच वाजून गेल्यावर.

अर्धवट सांधा थंड झाला की त्याच्यावर काळी खपली धरते. ती ठोकून काढायची, तारेच्या ब्रशनं घासायची, मगच पुढं जोडायचं. हे सिद्रामला देवाप्पांनी पहिल्या दिवशी शिकवलं होतं. पण त्याच सकाळी वर्कशॉपच्या व्हरांड्यात, त्याला ऐकू जाईल अशा आवाजात, ते दुसरे सर कुणाला तरी म्हणाले होते, "सवलतीवर आलेल्या पोरांच्या हातात वेल्डिंग दिलंय. माणूस बसणार आहे त्या गाडीत. खेळणं नव्हे ते."

सिद्रामनं ते ऐकलं, मान खाली घातली आणि आत आला. आता दोघे सर यायच्या वेळी सांधा अर्धवट दिसला असता तर? त्यानं घड्याळ बघितलं. खपली वरवर झाडली आणि तिच्यावरूनच जोडत गेला. त्या वेळी त्यानं श्वास धरला होता. मला कळलं. मग कानसीनं घासून सांधा गुळगुळीत केला आणि वर लाल रंग फासला.

तीन वाजता हुक्केरी सरांनी सांध्यावरून बोट फिरवलं. "नोडप्पा, बघ तरी, काय सुंदर काम आहे!" ते दुसरे सर वाकून बराच वेळ बघत राहिले. त्यांना खोड काढता आली नाही. सिद्राम हसला, पण ते हसू दाराबाहेर ते दोघे पोचायच्या आत विझलं.

भाकरीत खडा यावा तशी ती खपली माझ्या सांध्यात राहिली. मला ती ठणकायची. पण मला तोंड कुठंय? माणसांनी मला आवाज दिला तो इंजिनाचा, आणि इंजिनाला एकच शब्द येतो.

मार्चभर कॉलेजच्या मैदानावर जोतिबा मला पळवत होता. खड्डा आला की माझ्या डाव्या हातात कळ उठायची, आणि सांध्यातली फट केसाच्या टोकाएवढी पुढं सरकायची. सराव झाला की अंबाजी वेळ मोजायचा, जोतिबा पाणी प्यायचा, आणि सिद्राम गुडघे टेकून डाव्या चाकापाशी बसायचा. बोट लावायचा, उचलायचा.

"काय बघायलास रं रोज रोज?" जोतिबानं एकदा विचारलं.

"काय न्हाय. धूळ बसलीया."

उद्या काढून परत मारतो, असं तो रोज मनात म्हणत असणार. कारण दोनदा त्यानं पाना घेऊन नट सैल केला, आणि कुणी आलं म्हणून पुन्हा आवळला. मग परीक्षा आली, मग गिअर अडकला, मग ट्रक ठरवायचा होता. माणसांची एक सवय मी पाहिलीय. एखादी वाईट गोष्ट दहा दिवस टिकली, की ती चांगलीच आहे असं माणसं स्वतःला पटवायला लागतात. सिद्राम मात्र ते पटवून घेऊ शकला नाही. तो वाळत चालला. डबा अर्धा परत न्यायचा. अंबाजीला वाटलं परीक्षेची काळजी.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही ट्रकनं निघालो. हुबळीच्या पुढं एका गावाबाहेर लढाईच्या काळातली ओस पडलेली धावपट्टी होती. तिथं नऊ कॉलेजांच्या गाड्या जमल्या होत्या. सकाळी वेगाची फेरी, दुपारी दहा चकरांची शर्यत. पांढऱ्या टोपीतल्या तपासनिसानं माझे ब्रेक दाबून बघितले, स्टिअरिंग फिरवलं, पट्टा ओढला आणि माझ्या नाकावर चुन्यानं बरोबरची खूण केली. मी पास झाले.

आता मला थांबवू शकेल असा जगात एकच माणूस उरला होता.

जोतिबा आत बसला. समोर दीड किलोमीटरचा सरळ पट्टा उन्हात चमकत होता. त्याला दुर्गाबाईंनी विणलेला पट्टा बांधायला सिद्राम वाकला. एक टोक त्यानं अडकवलं. दुसरं हातात घेतलं, आणि हात तिथंच थांबला. जोतिबा हेल्मेटमधून त्याच्याकडं बघून हसत होता, जत्रेत पाळण्यात बसलेलं माणूस हसतं तसा.

"जोत्या, उतर," सिद्राम म्हणाला.

"आं?"

"उतर म्हणतोय न्हवं! ह्या डाव्या हाताचा सांधा कच्चा हाय. माझ्या हातनं ऱ्हायलाय. आत खपली हाय."

जोतिबा उतरला. अंबाजी धावत आला. काय झालं ते कळायला त्याला थोडा वेळ लागला, आणि कळल्यावर त्याचा आवाज चिरकला. "आत्ता सांगायलास? तपासणी झाली, नंबर लागला, आता सांगायलास व्हय? कवापासनं ठावं हाय तुला?"

"पहिल्या दिवसापासनं."

"म्हंजे दीड महिना गप बसलास?"

"व्हय. बसलो." सिद्राम सरळ उभा होता. "त्या दिवशी वीज गेल्ती. सांगितलो असतो तर ते सर म्हणाले असते, बघा, म्हटलं न्हवतं? म्हणून झाकलो. आन मग झाकलेलं उघडायची लाज वाटाय लागली."

अंबाजी आणखी काही बोलणार होता, पण तेवढ्यात हुक्केरी सर आले. ते ओरडले नाहीत. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "थोडं रॉकेल आणा. आणि खडू."

ट्रकवाल्याच्या स्टोव्हमधलं रॉकेल आलं. सिद्रामनंच सांध्यावरचा रंग खरवडला. सरांनी तिथं रॉकेल सोडलं, थोडं मुरू दिलं, कापडानं कोरडं पुसलं आणि वरून खडूची पूड चोळली. सांधा पांढराशुभ्र झाला. सगळे वाकून बघत राहिले. काही क्षण काहीच दिसेना. मग आत मुरलेलं रॉकेल वर आलं आणि त्या पांढऱ्यावर एक ओली रेघ उमटली. आधी मुंगीएवढी. मग वाढत वाढत जवळजवळ अर्ध्या पाइपाला वेढा घालून थांबली.

दीड महिना जे मी एकटी सोसत होते, ते आता चौघांना दिसत होतं. मला किती हलकं वाटलं म्हणून सांगू!

जोतिबानं त्या रेघेकडं बघितलं, मग समोरच्या सरळ पट्ट्याकडं. त्यानं ट्रकच्या मागं जाऊन हेल्मेट काढलं. तोंड धुऊन परत आला तेव्हा अंबाजी त्याला म्हणाला, "माझ्या ड्रॉइंगात तिथं आधाराची पट्टी पायजे होती. न्हाय दिली मी. वजन वाढतंय म्हणून." हे कुणी त्याला विचारलं नव्हतं.

हुक्केरी सर खडूचा हात धोतराला पुसावा तसा पँटीला पुसत म्हणाले, "माझंही ऐका. त्या दिवशी मी रंगावर बोट फिरवून सुंदर म्हटलं. मी रंग तपासला. सांधा तपासलाच नाही." मग सिद्रामच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "सकाळची फेरी गेली. जाऊ दे. दुपारची दोनला आहे. दीडपर्यंत परत तपासायला आणा, असं तपासनीस म्हणालेत. रडायचं असलं तर रड, पण पाने घेऊन रड."

त्यांनी माझा डावा हात सोडवला आणि ट्रकनं गावात नेला. धड धावपट्टीवर आणि हात गावात, पण माझा जीव त्या हाताबरोबर गेला.

नांगर आणि बैलगाडीच्या धावा दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडं गॅस वेल्डिंग होतं. सिद्रामनं कन्नडमध्ये त्यांना सगळं समजावलं आणि हात त्यांच्यापुढं ठेवला. "मिस्त्री, तुम्हीच मारा. मी मारत न्हाय."

"न्हाय," जोतिबा म्हणाला. "आत मी बसणार हाय. मी सांगीन तो मारणार. सिद्या, तू मार."

"जोत्या, माझ्यावर भरवसा ठेवू नगंस रं."

"आज सकाळी कुणी थांबवलं मला? मिस्त्रींनी? चल, मार."

मिस्त्रींना मराठी थोडंच कळत असावं, पण त्यांनी आपला काळा चष्मा काढून सिद्रामच्या हातात दिला.

सिद्रामनं जुना सांधा पार मुळापर्यंत कोरून काढला. आतून ती खपली निघाली, ज्वारीच्या दाण्याएवढी, काळी. ती तळहातावर घेऊन त्यानं बघितली आणि फेकून दिली. मग दोन्ही कडा चकचकीत घासल्या, पाइप आधी सगळीकडून तापवला आणि जोडायला सुरुवात केली. त्याचा श्वास सावकाश चालू होता. अंबाजीनं मिस्त्रींच्या भंगारातून एक पट्टी कापून आणली आणि ती आधाराला बसवली. मिस्त्रींनी गरम हात चुलीच्या राखेत पुरून ठेवला, एकदम थंड होऊन तडकू नये म्हणून. राखेतली ती ऊब मला अजून आठवते.

पुन्हा रॉकेल, पुन्हा खडू. पाच मिनिटं गेली, दहा गेली. पांढरं ते पांढरंच राहिलं.

"रंग मारू या का?" अंबाजीनं विचारलं.

"नको," सिद्राम म्हणाला. "उघडाच ऱ्हाऊ दे."

दीडला पाच मिनिटं कमी असताना आम्ही पोचलो. पांढऱ्या टोपीवाल्यानं लाल अंगावरचा तो उघडा सांधा बघून कपाळाला आठ्या घातल्या. कुणी काही बोलायच्या आत सिद्राम पुढं झाला आणि त्यानं पहिल्यापासून सगळं सांगितलं, स्वतःची चूकही. तपासनिसानं भिंग काढलं, सांधा सगळीकडून बघितला, छोट्या हातोडीनं दोनदा ठोकून ऐकला. सकाळी त्यानं माझ्याकडं एवढं लक्ष दिलं नव्हतं. मग जुनी चुन्याची खूण पुसून त्यानं नवी केली.

दहा चकरा. जोतिबानं मला सुरुवातीला जपून नेलं. तिसऱ्या चकरेनंतर त्याच्या पायाचा दाब वाढला. एक गाडी धूर सोडत बाजूला झाली, एकीचं चाक गेलं. धावपट्टीच्या टोकाला काँक्रीटचे दोन चौथरे वरखाली झालेले होते. दर चकरेला तिथं डावं चाक आपटायचं. आठव्या चकरेला आम्ही तिथं भलत्याच जोरात आलो. दण्णकन आदळले. मी वाट बघत होते कळ उठायची. कळ उठलीच नाही. सांध्यानं तो मार घेतला, सगळ्या अंगात वाटून दिला, आणि आम्ही पुढं गेलो. गाडीला हसता येत असतं तर मी तिथं हसले असते.

नवांत पाचवी आले. अंबाजीनं शेवटी वेळ मोजलीच नाही, तो नुसता टोपी उडवत होता. जोतिबा उतरला, कुणाला न भेटता आधी डाव्या चाकाशी बसला आणि सांध्याला हात लावला.

"सिद्या! ये, बघ. गरमसुद्धा झाला न्हाय रं!"

सिद्राम आला, खाली बसला, आणि दोघंही तिथं धुळीत बसून खुळ्यासारखी हसत राहिली. हसता हसता सिद्रामच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं, ते त्यानं पुसलं नाही. परतताना तो ट्रकमध्ये माझ्या शेजारी पोत्यावर आडवा झाला आणि धारवाड यायच्या आधीच घोरायला लागला. दीड महिन्याची झोप होती ती.

दुसऱ्या दिवशी त्यानं एक गोष्ट केली, ती मी वर्कशॉपच्या दारातून पाहिली. व्हरांड्यात ते दुसरे सर येत होते. सिद्राम त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला आणि सांध्याचं सगळं सांगितलं.

"मला वाटलंच होतं," सर म्हणाले.

"व्हय सर. पण तुम्हाला दिसलं न्हवतं. सापडलं ते मलाच."

सर पुढं निघून गेले. सिद्राम आत आला आणि डब्याची शेवटची भाकरीसुद्धा खाल्ली.

त्याच्या पुढच्या वर्षी तिघं पास होऊन गेली. बुलेटचं इंजिन दुसऱ्या कामाला गेलं. मी वर्कशॉपच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली पडले. नवी पोरं माझ्यावर बसून डबे खायची, कुणी सीटवर ड्रॉइंगच्या गुंडाळ्या ठेवायचं. हुक्केरी सर मात्र दरसाल एकदा ताडपत्री काढायचे आणि पोरांना विचारायचे, "हा सांधा बिनरंगाचा का आहे, सांगा." मला ते आवडायचं. अडगळीत पडलेल्याला वर्षातून एक दिवस पुरतो.

आता अठ्ठ्याऐंशी साल संपत आलंय. कॉलेजात नवी गाडी करायचं ठरलंय आणि पाइप कमी पडतायत. येत्या सोमवारी मला कापणार आहेत. माझं लोखंड नव्या सांगाड्यात जाणार. मला वाईट वाटत नाही. फक्त त्या पोरांना सांगणं एवढंच, की माझ्या पाइपांना पुन्हा जोडाल तेव्हा काही चुकलं तर लगेच बोला. आम्हाला दुखतं ते कळतं, सांगता येत नाही. ते काम तुमचं.

निरोप घेण्याआधी कालचं सांगते. काल सिद्राम आला होता. आता तो एका बॉयलरच्या कारखान्यात इतरांची वेल्डिंगं तपासतो. तानुबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, नवा चष्मा घ्यायला बेळगावला आणलं होतं. येता येता त्यांना माझ्याकडं घेऊन आला. हुक्केरी सरही होते. तानुबाईंनी नव्या चष्म्यातून मला खालून वरून बघितलं.

"हीच व्हय ती? मला वाटलं मोटारीएवढी आसंल. ही तर पाट हाय की रं!"

"बस की आई."

"मी? ह्या वयात?" म्हणत म्हणत त्या लुगडं सावरून बसल्यासुद्धा. पाय लांब केले. आयुष्यभर वखारीत उकिडवं बसलेले ते पाय होते. पाठ टेकली, आणि हुश्श केलं. इंजिन नव्हतं, म्हणून सिद्रामनं आणि सरांनी मागून ढकललं आणि मला वर्कशॉपच्या अंगणात बाहेर काढलं. चार वर्षांनी माझ्या चाकांना ऊन लागलं.

"हळू रं, हळू! पाडशीला म्हातारीला!" तानुबाई ओरडल्या, आणि स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं. एक फेरी झाली. सर धापा टाकत थांबले. सिद्रामनं विचारलं, "बास न्हवं आई?"

"बास कसलं? आत्ता कुटं जमाय लागलंय. आजून एक फेरा मार," त्या म्हणाल्या. "आन जरा जोरात ढकल!"